हाताला काम

८ नोव्हेंबर

दोन्ही घड्याळं जांगडीवर आणली. सराफ लोक ओळखीच्या गिऱ्हाइकाला दागिना घरी नेऊन बघू देतात. पटला तर ठेवा, नाही पटला तर परत. त्याला जांगड म्हणतात. घड्याळवाले असं काही करत नाहीत. पण घड्याळवाल्या सम्राटच्या वडिलांचं सराफी दुकान होतं आणि त्यांच्या सोन्याच्या काट्याची तपासणी दरवर्षी माझ्याकडं असायची. चौतीस वर्षं वजनमापे निरीक्षक होतो, त्यांच्या दुकानात एकदाही चहा घेतला नाही. त्याचं फळ आज मिळालं. सम्राट म्हणाला, "अमरसिंह काका, तुमच्यासाठी म्हणून महिनाभर. आठ डिसेंबरला एक परत आणा, एक ठेवा. दुसऱ्या कुणाला दिलं नसतं."

एक काळं, एक निळं. कंपन्यांची नावं इथं लिहीत नाही, वही कुणाच्या हाती लागायची. काळं स्वित्झर्लंडचं, निळं जपानचं. दोन्ही पाणबुड्यांची, तीनशे मीटर खोल पाण्यात चालणारी. मी रंकाळ्यात कधी पायसुद्धा बुडवलेला नाही, पण वस्तू घ्यायची तर पक्की घ्यावी. बाहेर दातेरी कडी आहे, ती फिरवून ठेवली की किती मिनिटं झाली ते कळतं. पाणबुड्याला हवा किती उरली ते कळावं म्हणून असते ती. मी कुकरला लावणार. मुरगूडचा प्लॉट विकला तेव्हाच ठरवलं होतं, आयुष्यात एक तरी वस्तू अशी घ्यायची की तिच्यात आपल्यालाही खोट काढता येऊ नये.

अनुजाला दाखवली. तिनं दोन्ही नीट बघितली आणि म्हणाली, "वेळ तर एकच दावतात की दोन्ही." बायकोला घड्याळ दाखवणं म्हणजे गाढवापुढे वाचली गीता.

१३ नोव्हेंबर

काळं बंद पडलं. पाच दिवस मनगटावर होतं, आज सकाळी बघतो तर चार वाजून दहा मिनिटांवर थांबलेलं. तसाच सम्राटकडं गेलो आणि त्याला झाडायला सुरुवात केली. तो शांतपणे म्हणाला, "काका, बिघडल्यालं न्हाय ते. ऑटोमॅटिक हाय, ह्याला सेल नसतोय. आत एक चकती हाय. हात हालला की ती फिरतीया आणि किल्ली बसतीया. तुमी दिवसभर करतासा काय?"

"पेपर वाचतो. टीव्ही बघतो."

"मग हातच हालत न्हाय की तुमचा."

दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली. ज्या हातानं जिल्ह्यातले निम्मे खोटे काटे जप्त केले त्या हाताबद्दल हे ऐकून घ्यावं लागलं. घरी येऊन अर्धा तास उजवा-डावा हात हलवत बसलो. खांदा धरला. असं मुद्दाम हलवून केलेली चाचणी खरीही नव्हे. हात आपोआप, रोज सारखाच हलला पाहिजे. तरच दोन घड्याळांची तुलना होईल.

१५ नोव्हेंबर

अनुजाला घेऊन डॉ. प्रसेनजीतांकडं गेलो. तीन वर्षं झाली तिला कंपवात आहे. उजवा हात थरथरतो, मांडीवर नुसता ठेवला की जास्तच. झोपेत तेवढा थांबतो. डॉक्टर तरुण आहेत पण हुशार. त्यांनी नवी गोळी दिली, दिवसातून तीनदा, जेवणाआधी. म्हणाले, "दोन-तीन आठवड्यांत चांगला फरक पडेल. बारसं कधी म्हणालात? सात डिसेंबर? मग आजच सुरू करा, थांबू नका."

बारसं श्रुतीच्या मुलीचं. श्रुती आमची एकुलती एक, जयसिंगपूरला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ते अनुजाच्या हातामुळं सासरी झालं. हे अनुजाला फार लागलेलं आहे. बाळाला बघायला दोनदा जाऊन आलो, पण तिच्या हातात कुणी दिलं नाही. तिनंही मागितलं नाही. पाळण्याच्या खालून आणि वरून बाळ द्यायचं-घ्यायचं, त्यात एका बाजूला श्रुतीच्या सासूबाई आणि दुसऱ्या बाजूला हिनं बसायचं, एवढीच तिची इच्छा आहे. श्रुती फोनवर म्हणाली आहे, "आई, हात थांबला तर तूच बस."

येताना रिक्षात अनुजा त्या गोळ्यांची पिशवी मांडीवर धरून बसली होती. पिशवी सारखी वाजत होती.

१६ नोव्हेंबर

आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा आहे.

सकाळी हात धुवायचे होते म्हणून काळं घड्याळ क्षणभर अनुजाच्या हातात दिलं. मग पेपर आला, विसरलो. तासाभरानं आठवलं तर ते तिच्या मुठीत, तिचा हात मांडीवर, आणि घड्याळ चालू. मी कानाला लावलं. टिकटिक अगदी ठणठणीत. मी खांदा दुखवून घेतला आणि ही नुसती बसून किल्ली देत होती.

आपोआप हलणारा, रोज सारखा हलणारा हात घरातच होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

कागदावर हिशेब मांडला. हात एकच हलतो, उजवा. म्हणजे दोन्ही घड्याळं एका वेळी लावता येणार नाहीत. दहा दिवस काळं, दहा दिवस निळं. उद्या संध्याकाळी सातला सुरू केलं तर सात डिसेंबरला सातला पुरं. आठला जांगड संपते. बरोब्बर बसतं.

फक्त गोळीचा प्रश्न. आजपासून गोळी सुरू केली तर काळ्याला कापणारा हात मिळणार आणि निळ्याला थांबलेला. हा न्याय नव्हे. एका दुकानदाराला एक वजन आणि दुसऱ्याला दुसरं असं मी कधी केलं नाही, आता करणार नाही. डॉक्टर "थांबू नका" म्हणाले खरे, पण डॉक्टर लोक घाई करायचीच भाषा बोलतात. तीन वर्षं हललेला हात, तीन आठवडे आणखी हलला तर काय बिघडतं?

तिला गोळी द्यायचं काम माझ्याकडंच आहे. नवं पाकीट रद्दीच्या मागं ठेवलं आणि तिला तिची नेहमीची कॅल्शियमची गोळी दिली, तीही पांढरीच असते. "गोळी घे" एवढंच म्हणालो, कुठली ते म्हणालो नाही, म्हणजे खोटंही बोललो नाही. तरी ती पाणी पिताना माझ्याकडं बघून हसली तेव्हा मी पेपर उघडला.

१७ नोव्हेंबर

सात वाजता काळं बांधलं. पट्टा पोलादी, तिचं मनगट बारीक, पट्ट्याच्या कड्या काढून काढून लहान करावा लागला. म्हणाली, "मला कशाला?" मी म्हणालो, "किल्ली बसायला. तुझा हात नाहीतरी हलतोच आहे." तिनं हात फिरवून घड्याळ बघितलं. मग म्हणाली, "बरं. कशाच्या तरी कामी आला."

२० नोव्हेंबर

काळं रोज चार सेकंद पुढं. चार म्हणजे चारच, तीन नाही, पाच नाही. सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला मी तिचा हात धरून मोबाइलच्या वेळेशी ताडून बघतो. धरला की हात जरा कमी हलतो, हे एक निरीक्षण. म्हणून झटपट बघून सोडायचा.

यल्लव्वाला हे पसंत दिसत नाही. ती निपाणीकडची, दिवसभर अनुजाचं बघायला असते, अंघोळ, वेणी, जेवण. आज म्हणाली, "अक्काचा हात दमतोय मालक. वजन हाय का काय त्याला." मी गमतीनं म्हणालो, "अगं, तीन वर्षं बिनकामाचा हलत होता. आता हाताला काम मिळालं." ती हसली नाही. अनुजा हसली.

२३ नोव्हेंबर

अनुजा सराव करते आहे. बारशात बाळाच्या आधी वरवंटा देतात, धुऊन, कुंची घालून, तो पाळण्याखालून-वरून फिरवतात आणि मग बाळ. तिनं घरातला वरवंटा जुन्या लुगड्यात गुंडाळला आणि यल्लव्वाला समोर बसवलं. मधे स्टूल. खालून द्यायचा, वरून घ्यायचा. चार वेळा जमलं. पाचव्या वेळी हातातून निसटला आणि फरशीवर पडला. फरशीचा टवका गेला.

अनुजा त्या वरवंट्याकडं बघत राहिली. म्हणाली, "गोळीला अजून आठवडाच झालाय. व्हईल."

मी घड्याळ तपासलं. वरवंट्याचा धक्का बसूनही एका सेकंदाचा फरक नाही. काळ्याला गुण द्यावेच लागतील.

२४ नोव्हेंबर

पाण्याची चाचणी. तीनशे मीटर लिहिलेलं आहे, निदान बादलीत तरी बघावं. अनुजाचा हात तासभर बादलीत ठेवायला लावला. पाणी गार होतं हे माझ्या लक्षात आलं नाही, तिनंही सांगितलं नाही. पाऊण तासानं यल्लव्वा आली आणि काही न बोलता तिचा हात बाहेर काढून पदरात धरला. पंधरा मिनिटं कमी पडली. निळ्यालाही पाऊणच तास द्यावा लागणार.

२७ नोव्हेंबर

काळ्याचे दहा दिवस पूर्ण. एकूण चाळीस सेकंद पुढं. सातला काळं काढलं, निळं बांधलं. मनगटाला पट्ट्याचा लाल वळ आला आहे, त्याला खोबरेल लावलं. मीच लावलं. तेल लावताना ती माझ्याकडं असं बघत होती की मला उगाचच शरमल्यासारखं झालं.

श्रुतीचा फोन आला. "बाबा, आईच्या हाताचं कसं आहे?" मी म्हणालो, सुधारणा आहे. फोन अनुजाला दिला. ती म्हणाली, "थांबंल गं. मी बसतो बघ बारशाला." आणि फोन कानाशी थडथड वाजत होता.

२९ नोव्हेंबर

यल्लव्वाला काढलं. रद्दी आवरायला मी तिला सांगितलंच नव्हतं. पाकीट घेऊन समोर आली. "मालक, ही नवी गोळी न्हवं? एक बी फोडल्याली न्हाय."

मी म्हणालो, तुझं काम वेणीफणीचं.

"अक्का दिवस मोजायल्यात. बारशाला आठ दिस ऱ्हायल्यात."

"मला कॅलेंडर वाचता येतं."

"मी सांगतो त्यास्नी."

"सांग. आणि उद्यापासून येऊ नको."

ती आत गेली, अनुजाची वेणी घातली, बराच वेळ घातली, आणि गेली. अनुजाला मी सांगितलं की यल्लव्वाला गावाकडं काम निघालं. अनुजानं काही विचारलं नाही, म्हणजे यल्लव्वानं सांगितलं नसावं. गरिबाला नोकरीची भीती असते. नंतर मला वाईट वाटलं, स्वयंपाकाचीही पंचाईत झाली. पण खरं सांगायचं तर राग जास्त आला होता. माझं माप मोलकरणीनं तपासायचं?

गोळी आज सुरू करावी असं एकदा मनात आलं. निळ्याचे दोनच दिवस झालेत. काळ्याला दहा आणि निळ्याला दोन. नाही पटलं.

३ डिसेंबर

निळं रोज दोन सेकंद पुढं. काळ्याच्या निम्मं. बोलायलाच नको.

७ डिसेंबर, रविवार

सविस्तर लिहितो, म्हणजे डोकं मोकळं होईल.

सकाळी निघताना अनुजा म्हणाली, "आजच्या दिवस घड्याळ काढा की. जड लागतंय." मी म्हणालो, "सातला काढतोच. वीस दिवसांतला शेवटचा दिवस. आता काढलं तर सगळं फुकट." तिनं हात पदराखाली घेतला. हिरवी पैठणी नेसली होती, बांगड्या भरल्या होत्या, घड्याळाचा पट्टा जरा सैल करून ते मी बांगड्यांच्या वर सरकवून दिलं.

जयसिंगपूरला मंगल कार्यालयात दोनशे माणूस. श्रुतीनं आईचा हात बघितला आणि तिचा चेहरा उतरला. "आई, तू म्हणालीस थांबंल." अनुजा म्हणाली, "धरला की थांबतोय. मी बसतो." श्रुती माझ्याकडं बघायला लागली. मी म्हणालो, बसू दे, एवढी आशा धरली आहे तिनं. हे मी तिच्या बाजूनं बोललो, याची इथं नोंद करतो.

वरवंटा नीट फिरला. बायका कौतुकानं बघत होत्या. मग बाळ. खालून सासूबाईंनी दिलं, अनुजानं घेतलं. पहिल्यांदाच घेतलं. छातीशी धरलं, आणि खरंच क्षणभर हात थांबला, मी बघितलं. वरून परत देताना मात्र हात सुटला. बाळ पडलं नाही, सासूबाईंनी झेललं. पण घड्याळ मनगटावरून खाली घसरलं होतं, त्याची दातेरी कडी बाळाच्या कपाळावर बसली. भुवईच्या वर चिरलं. रक्त आलं. बाळ इतकं रडलं की बँडवाल्यानं वाजवायचं थांबवलं.

श्रुतीनं बाळ उचललं आणि मग तिला घड्याळ दिसलं. "हे काय घातलंयस आई? पुरुषाचं घड्याळ, एवढं जड? आजच्या दिवशी?"

सगळे अनुजाकडं बघत होते. मग माझ्याकडं. मी म्हणालो, "तिलाच हौस. मी नको म्हणत होतो."

तोंडातून निघून गेलं. अनुजानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि मान खाली घातली. श्रुती म्हणाली, "परत माझ्या पोरीला हात लावू नकोस." आईला म्हणाली. दोनशे माणसांत.

दोन टाके पडले. नाव अन्वी ठेवलं.

घरी आलो तेव्हा सातला पाच कमी होते. निळं एकूण वीस सेकंद पुढं. काचेवर ओरखडा नाही. कडीच्या दातांत थोडं रक्त वाळलं होतं, ते जुन्या टूथब्रशनं काढलं.

८ डिसेंबर

काळं परत केलं, निळं ठेवलं. सम्राटनं विचारलं, "कसं ठरिवलं काका?" मी त्याला वीस दिवसांचा तक्ता दाखवला. तो चाट पडला. म्हणाला, "हात कुणाचा?" मी म्हणालो, घरचाच.

आजपासून अनुजाला खरी गोळी सुरू केली. दिला शब्द पाळतो मी, स्वतःला दिला असला तरी.

२६ डिसेंबर

डॉक्टरांची गोळी म्हणजे कमालच आहे. अनुजाचा हात जवळजवळ थांबला. काल काठोकाठ भरलेला चहाचा कप बाहेरच्या खोलीपर्यंत घेऊन आली, बशीत एक थेंब नाही. मी म्हणालो, "बघ, झालं की नाही?" ती म्हणाली, "व्हय. झालं."

श्रुतीला फोन करून सांगितलं. तिला आनंद झाला. आईशी बोलतेस का विचारलं तर म्हणाली, बाळ उठलंय, नंतर करते.

निळं माझ्या मनगटावर दोनदा बंद पडलं. एवढ्या चांगल्या घड्याळाला हात मिळू नये.

१४ जानेवारी

संक्रांतीला श्रुती बाळाला घेऊन आली, दोन दिवसांसाठी. उद्या बोरन्हाण. अनुजानं आठ दिवस खपून हलव्याचे दागिने स्वतः केले. एकेका दाण्याला दोऱ्याची गाठ मारून गुंफायचे, मुकुट, बाजूबंद, इवलीशी बासरीसुद्धा. श्रुती बघतच राहिली. "आई, ह्या हातानं?" अनुजानं उजवा हात तिच्यासमोर धरला. पालथा केला, उताणा केला. अजिबात हलला नाही.

मग दोन्ही हात पुढं केले.

बाळाच्या भुवईवर पांढरी रेघ राहिली आहे, तिकडं श्रुतीचं लक्ष गेलं. म्हणाली, "राहू दे आई. नंतर बघू." आणि बाळ माझ्या मांडीवर ठेवलं. "बाबा, तुम्ही धरा, मी हातपाय धुऊन येते."

मोठं गोड बाळ आहे. घड्याळ धरून ओढत होतं. अनुजा समोर बसली होती, हात मांडीवर.

मला त्याच वेळी सांगावंसं वाटलं श्रुतीला. मनापासून वाटलं. पण घड्याळाचं सांगितलं की गोळीचं निघणार, गोळीचं निघालं की यल्लव्वाचं. एका गोष्टीसाठी तीन गोष्टी उकरायच्या.

१५ जानेवारी

बोरन्हाण छान झालं. दागिने अन्वीला शोभले. अनुजानं लांबून बोरं टाकली.

दुपारी स्वयंपाकघरात ती तिळाच्या वड्या थापत होती. मी पाणी प्यायला गेलो. पाठमोरीच म्हणाली, "आताची गोळी लई कडू हाय."

मी म्हणालो, औषध कडूच असतं.

"आधीची न्हवती कडू. मला पयल्या दिवशीच कळलं हुतं."

मी भांडं खाली ठेवलं. म्हणालो, "मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, बारशाआधी सुरू करशीला. एवढं तरी करशीला." वड्या कापल्या. सगळ्या एकसारख्या, सरळ रेषेत. "आणि बत्तीस वर्षांत तुमी रोज माझा हात धरला न्हाईसा. त्या वीस दिवसांत दोन वेळा धरत हुता. घड्याळ बघायला का असंना."

वेळ बघायची तर हात धरावाच लागतो.

"श्रुतीला सांगा," ती म्हणाली. "मी सांगितलं तर पोरीला वाटंल, आई स्वतःचं झाकाय बाबांवर ढकलतीया. तुमीच सांगा."

मी म्हणालो, सांगतो.

१६ जानेवारी

श्रुती सकाळी गेली. निघताना सांगू असं ठरवलं होतं. पण गाडीत बसेपर्यंत बाळ झोपलं आणि झोपलेल्या लेकरासमोर कसला विषय काढायचा. पुढच्या खेपेला सांगेन. श्रुतीनं मला नमस्कार केला, आईलाही केला. गाडीच्या काचेतून बाळाचा हात धरून तिनं आम्हाला टाटा केला.

मी केला. अनुजा दारात उभी होती, गाडी गल्लीच्या तोंडाशी वळेपर्यंत बघत होती, पण तिचा हात काही वर झाला नाही. खाली सरळ, लाकडासारखा. गोळी चांगलीच लागू पडली आहे.